लोगो भाच्याने फुकटात करून दिला, मग छोट्या धंद्याला डिझायनर कशाला हवा?

दिवाळीच्या तोंडावर भरणाऱ्या बचत गटांच्या कोणत्याही प्रदर्शनात एक चक्कर मारून बघा. कांदा-लसूण मसाल्याचे पाच-सहा स्टॉल तरी हमखास सापडतात. प्रत्येकीचं प्रमाण वेगळं, मिरची वेगळी, कुणी कांडपावरून कांडून आणलेला, कुणी चक्कीवर दळलेला. पाकिटं मात्र सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. लाल रंग, नेटवरून उतरवलेल्या दोन मिरच्या, पिवळ्या जाड अक्षरांत नाव, आणि खाली दोन मोबाईल नंबरांसकट पाच ओळींचा पत्ता.

महिन्याभरात मसाला संपतो. घरात सगळ्यांना आवडलेला असतो. मग कुणीतरी म्हणतं, "मागच्या वेळी आणलेला तो मसाला परत मिळतो का बघ."

"नाव काय होतं?"

"नाव नाही आठवत. लाल पाकीट होतं, वर मिरची होती."

छोट्या धंद्याचं नुकसान असं गुपचूप होतं. माल चांगला आहे, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार आहे, तरीही विक्री होत नाही. पहिली विक्री ओळखीवर, चवीवर, समोरासमोर केलेल्या बोलण्यावर होऊन जाते. दुसऱ्या विक्रीच्या वेळी तुम्ही तिथे नसता, पाकीट एकटंच असतं. त्याला स्वतःची ओळख स्वतःच द्यावी लागते.

'लोगो-बिगो ही मोठ्या कंपन्यांची थेरं' असं म्हणणारे बरेच भेटतात. पण आपल्याकडे 'छाप' बघून माल मागायची सवय फार जुनी आहे. ज्याला वाचता येत नव्हतं तोही चित्र सांगून नेमका तोच माल मागायचा. मोठ्या कंपन्यांनीसुद्धा ही ओळख मोठ्या झाल्यावर कमावलेली नाही. एशियन पेंट्स १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी सुरू केली, आणि १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांच्यासाठी कपाळावर केस आलेला, हातात ब्रश घेतलेला खोडकर 'गट्टू' काढला. तेव्हा कंपनी जेमतेम बारा वर्षांची होती. पुढे कितीतरी वर्षं तो पोरगा डब्यांवर होता.

डिझायनर नेमकं काय करतो?

चित्र काढतो, रंग भरतो, सुंदर करतो, असं उत्तर बहुतेक जण देतील. ते चूक नाही, पण तो कामाचा शेवटचा भाग झाला. चांगला डिझायनर आधी प्रश्न विचारतो, आणि ते ऐकून कधी कधी वैतागच येतो. हा मसाला कोण विकत घेतं? कुठून घेतं, स्टॉलवरून, किराणा दुकानातून की इन्स्टाग्रामवरून? दुकानात पाकीट उभं राहतं, टांगलेलं असतं की बरणीमागे आडवं पडलेलं असतं? शेजारी कोणाचा माल असतो? पुढे अजून चार मसाले काढायचे आहेत का?

यातल्या प्रत्येक उत्तराने पाकीट बदलतं. उदाहरणार्थ, पाकीट दुकानात दोरीला टांगलं जाणार असेल तर वरच्या भागाला भोक पडणार, म्हणजे नाव तिथे ठेवून चालणार नाही. पुढे गोडा मसाला, मालवणी मसाला, थालीपीठ भाजणी असं वाढवायचं असेल तर सगळ्या पाकिटांचा ठेवा एकच हवा आणि फक्त एखादा पट्टा किंवा रंग बदलायला हवा. हे आधी ठरलं नाही, तर तीन वर्षांनी एकाच घरची पाच उत्पादनं पाच वेगवेगळ्या कंपन्यांची वाटतात. अशी दुकानं आजूबाजूला भरपूर आहेत.

दुसरं मोठं काम म्हणजे नकार देणं. मालकाला पाकिटावर सगळं हवं असतं: कुलदैवत, संस्थापकांचा फोटो, 'शुद्ध', 'घरगुती', 'अस्सल', 'सात्विक', मिळालेलं प्रशस्तिपत्रक, क्यूआर कोड, फेसबुक, युट्यूब. सगळंच मोठं केलं की काहीच मोठं राहत नाही. दुकानात फळीसमोर उभ्या असलेल्या माणसाची नजर एका पाकिटावर फार वेळ थांबत नाही. तेवढ्यात त्याला नाव दिसलं पाहिजे, हे काय आहे ते कळलं पाहिजे, आणि शेजारच्यापेक्षा हे वेगळं आहे एवढं डोक्यात राहिलं पाहिजे. बाकीचं मागच्या बाजूला. देवाला पाकिटावरून खाली उतरवायचा विषय घरात कोण काढणार, हा प्रश्न अर्थात डिझायनरच्या फीमध्ये येत नाही. पण फाडून कचऱ्यात जाणाऱ्या पिशवीवर देव नकोच, हे सांगितलं की बहुतेक घरांत पटतं.

कधी कधी डिझायनरचा प्रश्न मालाच्या टिकाऊपणापर्यंतही पोचतो. मसाला दिसावा म्हणून पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवायची टूम आहे. पण उजेडात लाल तिखटाचा रंग उतरतो. दुकानाच्या दर्शनी भागात दोन महिने राहिलेलं पाकीट जुनाट दिसू लागतं आणि गिऱ्हाईकाला माल शिळा वाटतो. खिडकी ठेवायचीच तर ती मागे, खाली, लहान ठेवता येते.

मराठी अक्षरांचं काय?

हा भाग मराठी धंद्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही.

महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक आहे. २०२२ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू झाला, आणि मराठी अक्षरं इतर भाषांतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असंही त्यात आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मग काय झालं? अनेक दुकानदारांनी फ्लेक्सवाल्याला फोन केला, इंग्रजी नावाखाली कॉम्प्युटरमधल्या पहिल्या फॉन्टमध्ये मराठी नाव टाकून घेतलं आणि विषय संपवला. नियम पाळला गेला, पण पाटीवर दोन वेगळी दुकानं असल्यासारखं दिसू लागलं. इंग्रजी नावाला थाट, मराठी नाव सरकारी नोटिशीसारखं.

देवनागरीचं गणित रोमन अक्षरांपेक्षा वेगळं आहे. वर शिरोरेघ, तिच्याही वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, आणि खाली उकार. म्हणजे एका ओळीला वर-खाली जास्त जागा लागते. इंग्रजी नाव ज्या पट्टीत मावतं त्याच पट्टीत मराठी नाव कोंबलं की ते आपोआप लहान होतं, किंवा मात्रा कापल्या जातात. जाडी वाढवली की 'ष्ट', 'क्ष', 'द्ध' यांच्या आतली मोकळी जागा भरून जाते आणि लांबून नुसता डाग दिसतो. रस्त्याच्या पलीकडून वाचायची पाटी आणि हातात धरून वाचायचं पाकीट यांना म्हणूनच एक फॉन्ट चालेल असं नाही.

शिवाय मराठीची स्वतःची वळणं आहेत. 'ल' आणि 'श' ही अक्षरं मराठीत जशी लिहितात तशी अनेक फॉन्टमध्ये येत नाहीत, हिंदी वळणाची येतात. 'बऱ्याच'मधला अर्धा 'र' किंवा 'ॲ' काही फॉन्टमध्ये नीट बसत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये योग्य सेटिंग केलेलं नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं अक्षर सुटं पडतं. मराठी न येणाऱ्या ऑपरेटरला ते कळत नाही, आणि मालकाने प्रूफ मोबाईलवर घाईत बघितलेलं असतं. एआयने बनवलेल्या चित्रांतली देवनागरी तर अक्षर अक्षर तपासूनच घ्यावी. लांबून मराठी वाटणारी, जवळ गेल्यावर कोणतीच भाषा नसलेली अक्षरं अशा चित्रांत येतात.

आणखी एक अडचण डीटीपीवाल्यांकडे नेहमी येते. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा वेबसाईटवर पेस्ट केला की त्याची चिन्हंच चिन्हं होतात. पाकिटावरचा मजकूर पुढे ऑनलाइन विक्रीसाठीही लागणार असेल, तर तो पहिल्यापासून युनिकोडमध्ये असलेला बरा.

हे सगळं महाराष्ट्राला नवीन नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना अशी अक्षरं दिली की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नाटकाचा स्वभाव नावावरूनच कळायचा. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. तो स्क्रीनवर वाचण्यासाठी आहे, त्यामुळे पाकिटावर तो फिका वाटला तर दोष फॉन्टचा नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले 'मुक्ता', 'बालू' यांसारखे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि व्यवसायासाठी वापरायलाही परवानगी आहे. म्हणजे चांगला फॉन्ट मिळत नाही ही सबब आता उरलेली नाही. कुठे कोणता वापरायचा हे कळणारा माणूस हवा.

छापखान्यात गेल्यावर

मोबाईलच्या स्क्रीनवर सुंदर दिसणारं डिझाइन छापून आलं की वेगळंच का दिसतं? स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवते, म्हणजे आरजीबी. छपाई निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून होते, म्हणजे सीएमवायके. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा किंवा केशरी शाईत तसाच उतरत नाही. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेलं चित्र तर आधीच दाबलं गेलेलं असतं, छापल्यावर त्याच्या कडा फाटतात.

पण खरा खर्च पुढे आहे. मोठ्या संख्येने छापायची लॅमिनेटेड पाकिटं बहुतेक वेळा रोटोग्रॅव्हूर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि तो खर्च छपाईच्या आधीच येतो. एक अक्षर चुकलं तर ते अक्षर ज्या ज्या रंगात आहे ते सगळे सिलिंडर पुन्हा करायचे. जाणकार डिझायनर म्हणून पत्ता, घटक, फोन नंबर असा बदलू शकणारा मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवतो. उद्या पत्ता बदलला तर एकच सिलिंडर बदलावा लागतो. बारीक अक्षरं चार रंगांच्या मिश्रणात टाकली तर छापताना रंग किंचित सरकून ती धूसर होतात, तेही टळतं.

समजा, चार रुपयांचं एक अशी दहा हजार पाकिटं छापली आणि मग लक्षात आलं की परवाना क्रमांकातला एक आकडा चुकलाय. चाळीस हजार रुपये गोदामात पडून राहिले. वर स्टिकर मारायचे तर त्याची छपाई, मजुरी, आणि शिवाय गिऱ्हाईकाच्या मनात 'याखाली काय लपवलंय' ही शंका. डिझायनरची फी जास्त वाटते तेव्हा तुलना या रकमेशी करायला हवी.

खाद्यपदार्थाच्या पाकिटावर काय काय हवं हे तर कायद्यानेच ठरलेलं आहे. एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक, शाकाहारी मालासाठी हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, घटक पदार्थ प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसहित किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, तारखा, बॅच नंबर, तक्रारीसाठी संपर्क. हिरव्या ठिपक्याचा आकारही पाकिटाच्या दर्शनी भागाच्या आकारावर ठरतो. अनेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते, मराठी त्याच्या जोडीला देता येते. फक्त मराठीत छापलेलं लेबल नियमात बसत नाही. म्हणजे पाटीसाठी मराठी सक्तीची आणि लेबलवर मराठीशिवाय आणखी एक भाषा सक्तीची. एवढ्याशा पाकिटावर दोन भाषा बसवणं हे काही मावतील तशी अक्षरं लहान करत जाण्याचं काम नव्हे. कायद्याची अंतिम जबाबदारी मात्र उत्पादकाचीच असते, डिझायनरची नाही. त्यामुळे मजकूर जाणकाराकडून तपासून मगच डिझायनरला द्यावा.

बाकी बारीकसारीक गोष्टी अनुभवी माणसालाच सुचतात. बारकोडच्या रेघा लाल रंगात छापल्या तर लाल उजेडावर चालणाऱ्या स्कॅनरला त्या दिसतच नाहीत. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते. तारखेचा शिक्का मारायची जागा चकचकीत ठेवली तर शाई पुसली जाते. आणि पाकिटाचं तोंड जिथे सील होतं तिथे मजकूर ठेवला तर तो कायमचा चिकटून जातो.

दुसऱ्यासारखं केलं तर?

"अमुक ब्रँडचं आहे ना, सेम तसंच करून द्या." डिझायनर मंडळींना हे वाक्य पाठ असेल. चालणाऱ्या मालासारखं दिसलं की आपलाही माल चालेल, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये निकाल दिलेला एक खटला याबाबत लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईच्या विलेपार्ल्यातून सुरू झालेल्या पार्ले प्रॉडक्ट्सने म्हैसूरच्या एका बिस्कीट उत्पादकावर दावा लावला होता. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेताचं दृश्य होतं. मधे बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. समोरच्याच्या वेष्टनावरही शेताचं दृश्य, मधे मुलगी, पण डोक्यावर गवताचा भारा, शेजारी गाय. नाव वेगळं, चित्रातले तपशील वेगळे. खालच्या दोन्ही न्यायालयांत पार्ले हरली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र निकाल फिरवला. दोन्ही वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजत बसायचं नसतं, गिऱ्हाईकाच्या मनात राहिलेली एकूण प्रतिमा फसवी ठरते का ते बघायचं, असा त्याचा आशय. 'लाल पाकीट, वर मिरची' एवढंच लक्षात ठेवणारं गिऱ्हाईक कायद्यालाही माहीत आहे.

हा निकाल दोन्ही बाजूंनी उपयोगाचा आहे. नक्कल करणारा अडचणीत येतो, आणि ज्याची ओळख खरोखर वेगळी आहे त्याला ती राखता येते. राखायची म्हणजे ट्रेडमार्क नोंदवायचा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे, इतरांना ती ९,००० पडते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. नोंदणी होण्याआधीच नावाशेजारी वर्तुळातला 'आर' छापणं मात्र गुन्हा आहे, आणि ही चूक पाकिटांवर सर्रास दिसते.

आता कॅन्व्हासारख्या ॲपमधला तयार लोगो घेतला तर? ते टेम्प्लेट आणि त्यातली चित्रं जगात कुणीही वापरू शकतं. त्यांच्यावर तुमचा एकट्याचा हक्क नसतो, त्यामुळे तयार टेम्प्लेट किंवा चित्र वापरून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून वापरता येणार नाही, असं कॅन्व्हाच सांगतं. गूगलवर सापडलेलं चित्र तर कुणाचं तरी असतंच.

प्रत्येक वेळी डिझायनर लागतो का?

अजिबात नाही. संक्रांतीच्या शुभेच्छांची पोस्ट, 'उद्या दुकान बंद' ची सूचना, आजचा मेनू, यासाठी मोबाईलवरचं ॲप उत्तम आहे. दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेला, अजून चव आणि भाव ठरतोय असा धंदा असेल तर साध्या पिशवीवर नीट छापलेलं लेबल पुरे. चव जमलेली नसताना महागडं पाकीट काढणं म्हणजे पहिल्याच गिऱ्हाईकाला मोठ्या थाटात निराश करणं.

आणि डिझायनर म्हणजे हमखास यश असंही नाही. अमेरिकेत २००९ मध्ये पेप्सिकोने ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाचा खोका नामांकित एजन्सीकडून बदलून घेतला. संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ हे जुनं चित्र गेलं आणि लोकांना दुकानात आपला रस सापडेना. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली, आणि कंपनीने जुना खोका परत आणला. तीस वर्षं चालणाऱ्या फरसाणाच्या दुकानाला नवीन पिढी 'मॉडर्न लूक' देऊ पाहते तेव्हा हे आठवावं. लोक ज्यावरून ओळखतात ती गोष्ट, मग ती वाकडी पाटी का असेना, हलवायच्या आधी दहा गिऱ्हाईकांना विचारून घ्यावं. चांगला डिझायनर स्वतःच हे विचारतो, आणि तोच त्याला ओळखायचा एक मार्ग.

काम देताना

जुनी कामं बघावीत, पण नुसती इन्स्टाग्रामवरची चित्रं नकोत. प्रत्यक्ष छापून बाजारात आलेलं काम हातात घेऊन बघावं, त्यात मराठी काम असावं. जमलं तर त्या धंद्याच्या मालकाला एक फोन करावा.

काय हवं ते लिहून द्यावं. एक पान पुरतं: माल काय, गिऱ्हाईक कोण, किंमत काय, विक्री कुठे, काय अजिबात नको. 'काहीतरी हटके करा' ही सूचना नव्हे. किती पर्याय मिळणार, किती वेळा बदल करून मिळणार, पैसे कोणत्या टप्प्यांत द्यायचे हे आधी ठरलं की दोन्ही बाजूंचे टोमणे वाचतात. प्रूफ घरातल्या अकरा जणांच्या ग्रुपवर टाकून प्रत्येकाचं मत डिझायनरकडे पाठवणं टाळलेलं बरं. निर्णय एकाने घ्यावा.

काम संपल्यावर फक्त जेपीजी घेऊन घरी येऊ नये. मूळ फाइल, म्हणजे सीडीआर किंवा एआय, छपाईची पीडीएफ, लोगोची एसव्हीजी, वापरलेल्या फॉन्टची नावं आणि रंगांचे आकडे, सगळं आपल्या ताब्यात हवं. डिझायनर गाव सोडून गेला किंवा त्याची हार्ड डिस्क गेली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं, हे फार वेळा घडतं.

हक्कांचं तर नक्की लिहून घ्यावं. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं सगळे धरून चालतात. पगारी नोकराने केलेल्या कामाचा कॉपीराइट सहसा मालकाकडे असतो. पण बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतलेल्या लोगोचा हक्क, वेगळा करार नसेल, तर त्याच्याकडेच राहिल्याचा दावा होऊ शकतो. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. उद्या दुबईतल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी दुकानात माल पाठवायचा विचार असेल तर 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द त्या एका पानी करारात आजच हवेत.

पैशांची सोय हा प्रश्न उरतोच. खाद्यप्रक्रिया करणाऱ्या बचत गटांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ब्रँडिंग आणि विक्रीसाठी ५० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद ठेवलेली होती. सध्या काय सुरू आहे ते जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारता येईल. स्वतःच्या खिशातूनच करायचं असेल तर सगळं एकदम करायची गरज नाही. आधी नावाची अक्षरं आणि मुख्य पाकीट करून घ्यावं. पाटी, बिलबुक, गाडीवरचं स्टिकर, इन्स्टाग्रामचा साचा हे सगळं त्याच ठेव्यावर हळूहळू वाढवता येतं.

आणि छापायला सोडण्याच्या आधी एक दिवस थांबावं. डिझाइनचा खऱ्या मापाचा प्रिंट काढावा, भरलेल्या पाकिटाला गुंडाळून चिकटवावा आणि ओळखीच्या किराणा दुकानात इतर मसाल्यांच्या रांगेत ठेवावा. चार पावलं मागे जाऊन बघावं. मग चष्मा नसताना दुकानात येणाऱ्या एखाद्या आजींना विचारावं, "आजी, यात कांदा-लसूण मसाला कुठला?" त्यांचा हात दुसऱ्याच पाकिटाकडे गेला, तर बदल करायला अजून एक कागदच फाडावा लागणार असतो.